एक चौक आणि एक वही: नागपुरात बेघरांसाठी मोहल्ल्यातून काम कसं उभं करायचं

डिसेंबरात गारवा पडला की नागपुरात ब्लँकेटवाटप सुरू होतं. रात्री दहानंतर बर्डीवर, रेल्वे स्टेशनसमोर, मेडिकल चौकात गाड्या थांबतात, झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट टाकलं जातं, फोटो निघतो आणि गाडी पुढे जाते. एकाच माणसाकडे सकाळी तीन ब्लँकेटं असतात, मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडे एकही नसतं. तरी या वाटपाला नावं ठेवणार नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या रात्री ज्याला पांघरूण मिळालं त्याला विचारा. अडचण अशी की मार्चपासून ही वाटप करणारी मंडळी दिसेनाशी होतात, आणि माणूस पुढच्या डिसेंबरात त्याच फूटपाथवर सापडतो.

माणूस रस्त्यावरून उठतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे: पुन्हा पुन्हा येणारा ओळखीचा चेहरा आणि हातात पडलेला एखादा कागद. दोन्हीला पैसा कमी आणि वेळ फार लागतो. हा लेख त्या वेळेचं काय करायचं याबद्दल आहे. पाच-सहा जणांचा गट, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि वर्षभर टिकायची तयारी एवढं धरून चालतोय.

चौक निवडा, शहर नको

नागपूर हातात घ्यायला जाऊ नका. मनपाचे दहा झोन आहेत. त्यातला तुमच्या घराजवळचा एक चौक, एक पूल किंवा एका हॉस्पिटलसमोरचा फूटपाथ घ्या, जिथे पायी जाता येईल. पेट्रोल घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा गट पावसाळ्यात बंद पडतो.

पहिले काही आठवडे काहीही वाटू नका. उशिरा रात्री, साडेदहा-अकराच्या सुमाराला, एकदा आणि पहाटे एकदा चक्कर मारा. दिवसा दिसणारी आणि रात्री तिथे झोपणारी माणसं वेगळी असतात. चहाटपरीवाला, पानठेलेवाला, रात्रपाळीचा चौकीदार, सफाई कामगार यांच्याशी बोला. कोण कधीपासून आहे हे त्यांना ठाऊक असतं. मग एक साधी वही करा. त्यात माणूस स्वतः सांगेल ते नाव, अंदाजे वय, बोलीभाषा, सोबत कोण, दिवसा काय करतो, तब्येतीची उघड तक्रार आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला स्वतःला काय हवंय, एवढंच लिहा. ही वही एकाच्याच घरी राहील. तिच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. माणसांचेही नाहीत. लहान मूल असेल तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने गुन्हाच आहे.

वही भरू लागली की कळतं, ‘बेघर’ म्हणून आपण जी एक गर्दी पाहत होतो तिच्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकलसमोर, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलसमोर, झोपलेल्यांतले कितीतरी जण रुग्णांचे नातेवाईक असतात: गडचिरोली, गोंदिया, पलीकडे बालाघाट, छिंदवाडा, शिवनीहून आलेले. त्यांना घर आहे, फक्त इथे पाठ टेकायला जागा नाही. कळमना बाजाराकडे हमाली करणारे, लग्नसराईत कॅटरिंगला जाणारे, ठिय्यावर (रोजंदारीच्या मजूर अड्ड्यावर) उभे राहणारे छत्तीसगढी मजूर यांना कमाई आहे, खोलीचं डिपॉझिट नाही. मग घरातून काढलेले म्हातारे, नवऱ्याला सोडून आलेल्या बायका, दारूत बुडालेले, आणि मनाने हरवलेले. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. सगळ्यांना पुरीभाजीचं पाकीट देऊन कोणाचाच रस्ता सापडत नाही.

शेवटच्या गटाबद्दल नागपूरची खास गोष्ट आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे कुठेही गाडीत बसलेला भ्रमिष्ट माणूस इथे उतरतो किंवा उतरवला जातो. त्याला मराठी येत नाही, हिंदीही येत नाही. आपण म्हणतो, ‘काही बोलत नाही’. तो तमिळ, ओडिया किंवा बंगाली बोलत असतो. अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, धंतोलीत, कामठी रोडवर या भाषा बोलणारी माणसं सापडतात. त्यातल्या एखाद्याला फोन लावून तो फोन या माणसाच्या कानाला लावा. कधी कधी गावाचं नाव पहिल्याच मिनिटात निघतं.

बोलायचं कसं

झोपलेल्याला उठवू नका. उभ्याने बोलू नका, खाली बसा. ‘ए बाबा’ म्हणू नका. काका, मावशी, भाऊ म्हणा आणि अहो-जाहो करा. ‘कुठले जी तुम्ही?’ एवढ्या आपल्या नागपुरी प्रश्नाने गप्पा सुरू होतात. ‘इथे का झोपता?’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीचा आहे. एकट्या बाईशी बोलायला गटातली बाईच जाऊ द्या. आणि जे जमणार नाही ते कबूल करू नका. ‘पुढच्या गुरुवारी येतो’ म्हटलं तर गुरुवारी यायचं, पाऊस असला तरी.

निवाऱ्यात नेण्याआधी निवारा पाहून या

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (त्याची मुदत २०२४ मध्ये संपली) नियमानुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा हवा, बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी निदान ५० चौरस फूट जागा. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० पासून हेच बजावलंय. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं. हिशेब तुम्हीच करा. मनपाच्या बेघर निवारा केंद्रांचं काम समाजविकास विभागाकडे असतं. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात जाऊन सध्याची यादी, पत्ते आणि जागा विचारून घ्या. इंटरनेटवरच्या जुन्या यादीच्या भरवशावर कोणाला रिक्षात बसवू नका.

मग स्वतः जाऊन पाहा: बायकांची सोय वेगळी आहे का, कुटुंबाला एकत्र राहता येतं का, संडास-बाथरूमची अवस्था काय, मेमध्ये पंखे चालतात का, आधार कार्ड नसलेल्याला आत घेतात का. कागद नाही म्हणून निवारा नाकारू नये, हे गोड शब्दांत पण ठामपणे सांगावं लागतं.

इतकं करूनही माणसं ‘नाही’ म्हणतात. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. कारण विचारलं तर बहुतेकदा साधं निघतं: गाठोडं ठेवायला जागा नाही, नवरा-बायकोला वेगळं करतात, पाळलेलं कुत्रं बाहेर राहतं, कामाची जागा लांब पडते, पहाटे चारला कळमन्याला निघावं लागतं. यातलं गाठोड्याचं कोडं गटाला सोडवता येतं. एखाद्या दुकानदाराकडे किंवा मंडळाच्या खोलीत कुलूप लावता येईल अशी एक पेटी ठेवली तर माणूस बिनघोर कामाला जातो. अतिक्रमण पथक आलं की ट्रकमध्ये आधी अंथरूण जातं आणि त्यातच कागद असतात, हे ज्याने भोगलंय त्याला या पेटीची किंमत कळते.

कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आधार नाही म्हणून रेशन नाही, खातं नाही, अनुदान नाही. सुरुवात तिथूनच. आधी विचारा, ‘कधी बोटांचे ठसे दिले होते का?’ बहुतेकांनी दिलेले असतात, कार्ड हरवलेलं असतं. अशाची नव्याने नोंदणी केली तर ती दुबार म्हणून फेटाळली जाते आणि महिने जातात. त्याऐवजी आधार सेवा केंद्रात नेऊन ठशांवरून जुना क्रमांक शोधता येतो का ते विचारा. मानकापूरच्या आधार सेवा केंद्रातून अशाच ठशांच्या आधारे हरवलेल्या माणसांची घरं सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच असतील. आधारची हेल्पलाइन १९४७ लक्षात ठेवा.

खरोखरच नोंदणी नसेल तर पत्त्याचा पुरावा हवा. आधारच्या ठरलेल्या छापील नमुन्यातलं प्रमाणपत्र राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक देऊ शकतात; ते तीनच महिने चालतं. म्हणून आधी केंद्रात वेळ घ्या, मग सही आणा. अठरा वर्षांपुढच्यांची नवी नोंदणी राज्य सरकारच्या पडताळणीतून जाते, तेव्हा उशीर होणार. माणसाला हे आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटतं आपण पळालो.

त्यानंतर शून्य शिलकीचं बँक खातं, मग तहसील कार्यालय. निराधार, विधवा, दिव्यांग अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००. अटी दोन टोचतात: वार्षिक उत्पन्न बहुतेकांसाठी २१,००० च्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य. फूटपाथवर वीस वर्षं काढलेल्या माणसाने वास्तव्य सिद्ध कशाने करायचं? जुना हॉस्पिटलचा केसपेपर, कुठलीतरी पोलीस नोंद, निवाऱ्याच्या रजिस्टरमधली एंट्री, मतदार यादीतलं नाव. म्हणून मेडिकलचा पिवळा पडलेला केसपेपरही फेकू देऊ नका. प्लास्टिकच्या पाकिटात घालून पेटीत ठेवा.

मतदार यादीचं फार जणांना माहीत नसतं. बेघर माणसाला मतदार व्हायला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ भरताना तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. बूथ पातळीवरचा अधिकारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहतो. अधिकाऱ्याला रात्री आणणं हे तुमचं काम. मतदार ओळखपत्र हाती आलं की पुढची बरीच दारं किलकिली होतात, शिवाय नगरसेवकालाही तो फूटपाथ अचानक दिसू लागतो.

कोणी ऐकतच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वकील फुकट मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आजारी माणूस

जखमेत अळ्या पडलेला माणूस दिसला की कार्यकर्ते फिनाइल आणि पट्टी घेऊन सरसावतात. तसं करू नका. १०८ ला फोन लावा, मेडिकलला किंवा मेयो या दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलला न्या आणि मुख्य म्हणजे सोबत थांबा. सोबत कोणी नसलेला रुग्ण ‘अनोळखी’ म्हणून नोंदवला जातो आणि त्याचं सगळं संथ होतं. सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. फी माफी, बाहेरून आणायची औषधं, डिस्चार्जनंतर कुठे, याचं उत्तर त्यांच्याकडे मिळतं. पहिल्या दिवशीच त्यांना गाठा. डिस्चार्जच्या दिवशी माणूस पुन्हा त्याच फूटपाथवर सोडला जाणार नाही, हे आदल्या आठवड्यात ठरवावं लागतं. धर्मादाय हॉस्पिटलांतही १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात. फलकावर लिहिलेलं नसलं तरी विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा, बारीक होत चाललेला माणूस असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधं मोफत आहेत, शिवाय पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. गोळ्या सहा महिने चुकवायच्या नसतात. पत्ता नसलेल्याच्या गोळ्या कोणाकडे ठेवायच्या? चहाटपरीवाला तयार झाला तर त्याच्यासारखा माणूस नाही: रोज सकाळी चहाबरोबर गोळी.

मनाने हरवलेल्या माणसाबाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो पोलीस स्टेशनात छापून न्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००: असा माणूस रस्त्यावर भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं, हरवलेल्या व्यक्तीचा गुन्हा नोंदवून घरच्यांचा शोध घेणं ही ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. पोलीस म्हणतील, ‘मॅडम, तुम्हीच घेऊन जा मनोरुग्णालयात.’ घेऊन जाऊ नका. आधी नोंद करून घ्या. नोंदीशिवाय नेलेला माणूस पुढे कोणाचाच नसतो. कोराडी रोडकडच्या आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव शहरात थट्टेत घेतात, पण तिथून बरे होऊन घरी गेलेली माणसं आहेत. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला: रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोचवणं. सल्ला हवा असेल तर टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास माणूस भेटतो.

घरी पोचवणं नेहमीच चांगलं असतं असंही नाही. मारहाणीतून पळालेल्या बाईला ‘घर सापडलं’ म्हणून परत नेऊ नका. तिला विचारा. घरच्यांना फोन करण्याआधी विचारा. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि अडचणीतल्या बायकांसाठीचं सखी केंद्र आहे.

मूल आणि म्हातारं माणूस

एकटं मूल दिसलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. तुमच्या घरी नेऊन आंघोळ घालून दोन दिवस ठेवू नका, मन कितीही चांगलं असलं तरी. २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. स्टेशनवर असेल तर तिथल्या रेल्वे पोलिसांना सांगा.

मुलांनी घराबाहेर काढलेल्या आईबापांसाठी २००७ चा निर्वाह कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे साध्या कागदावर अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. बहुतेक म्हातारे अर्ज करत नाहीत. ‘पोराची बदनामी होईल’ म्हणतात. जबरदस्ती करू नका. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथल्या माणसांशी त्यांचं बोलणं करून द्या.

मे महिना

मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मेअखेरच्या नवतपात डांबर आणि सिमेंट रात्री दोनलाही तापलेलं असतं, आणि त्याच्यावर पाठ टेकायची असते. माझ्या मते बेघरांसाठी नागपूरचा उन्हाळा हिवाळ्यापेक्षा कठीण आहे, आणि मदत नेमकी उलटी वाटली जाते.

गटाने मार्चच्या शेवटी करायची कामं: प्याऊ (पाणपोई) सुरू करणं आणि तो रात्रीही भरलेला ठेवणं, ओआरएसची पाकिटं, दुपारी बारा ते चार सावली देणारी एक जागा. समाजभवन, बुद्धविहार, मंदिराचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा. सुट्ट्यांत शाळा रिकाम्याच असतात. कोणी बडबडत असेल, अंग तापलेलं आणि कोरडं असेल, तर तो दारू प्यायलेला आहे असं धरून पुढे जाऊ नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, वारा घाला, १०८. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात एकच लक्षात ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीने घरं गिळली. जोराचा पाऊस लागला की आधी पुलांखाली झोपणाऱ्यांना वर काढा.

अन्नाचं फार लिहीत नाही, कारण या शहरात अन्न देणारे हात खूप आहेत. देवळं, गुरुद्वारे, ताजबागचा दर्गा, लग्नाचे हॉल. तूट समन्वयाची आहे: गुरुवारी आणि शनिवारी ढीग, मंगळवारी उपास. तुमच्या चौकात कोण कोणत्या वारी येतं हे वहीत लिहा आणि त्यांना वार वाटून द्या. दहा रुपयांची शिवभोजन थाळी जवळ सुरू असेल तर कूपनचे पैसे भरणं हे उरलेलं अन्न वाटण्यापेक्षा बरं. माणूस टेबलाशी बसून जेवतो.

काम आणि खोली

ठिय्यावर जाणाऱ्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होऊ शकते, त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदार देत नाही. मनपाकडून मिळवायला चकरा माराव्या लागतात. दारू सोडल्याशिवाय काम मिळवून देणार नाही, असली अट घालू नका. काम मिळाल्यावर सुटलेली दारू मी पाहिली आहे, उलटं क्वचित.

कमावत्या माणसाला खोली मिळत नाही ती बहुधा ओळख देणारं कोणी नसतं म्हणून. गटातल्या एकाने घरमालकाशी बोलावं आणि पहिलं डिपॉझिट उसनं द्यावं, महिन्याच्या हप्त्याने फेडायचं. दान म्हणून देऊ नका. उसने घेतलेले पैसे फेडणारा माणूस ताठ चालतो. काही बुडतील, ते धरूनच चला.

पैसा आणि माणसं

संस्था नोंदवायची घाई नको. पहिलं वर्ष खिशातून आणि ओळखीतून काढा. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची झाली तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे नियम लागू होतात, ते आधी विचारून घ्या. हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचा. सदरमधलं तिरपुडे आणि बजाजनगरचं मातृ सेवा संघ या समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावं लागतं. प्राध्यापकांना भेटून तुमचा चौक त्यांना द्या. अर्ज, भेटी, नोंदी यांत ही मुलं मोठ्यांपेक्षा चिवट असतात.

मनपाच्या दारात

वर्षभराची वही म्हणजे पुरावा. ‘आमच्या चौकात खूप बेघर आहेत’ या वाक्याला अधिकारी मान डोलावतात. इतकी माणसं, त्यात इतक्या बायका, इतके आजारी, जवळचा निवारा इतक्या अंतरावर, असं नावांशिवाय दोन पानांत लिहून दिलं तर त्याला आवक क्रमांक पडतो. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: निवारे किती, क्षमता किती, रोज किती जण राहतात, निवारा व्यवस्थापन समितीच्या बैठका कधी झाल्या.

आणखी एक गोष्ट आपल्याच शहरात शक्य आहे. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार इथे येतं. पाहुणे येणार म्हटलं की आधी रस्ते ‘स्वच्छ’ करायची सवय व्यवस्थेला आहे. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या (जी-२० मधल्या नागरी संघटनांच्या) बैठकीआधी पोलीस आयुक्तांनी कलम १४४ खाली चौकांत भीक मागायला बंदी घातली होती. गंमत म्हणजे भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने ज्या दहा शहरांत पथदर्शी काम सुरू केलं त्यांत नागपूर आहे. तेव्हा अधिवेशनाच्या महिनाभर आधीच आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांना आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा की या चौकातली माणसं कोण आहेत, कोणाचा आधारचा अर्ज कुठे अडलाय, कोणाचे क्षयाचे उपचार सुरू आहेत, आणि हलवायचंच असेल तर आमच्यासमोर, सामानासकट, निवाऱ्यात हलवा. त्याच दोन पानांची प्रत आपल्या आमदाराला द्या. तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, म्हणून दिवाळी आटोपली की लगेच भेट घ्या.